टिकमार्क आधीच मारलेले!

महोदय,

चतुर्थीच्या तोंडावर म्हापशात गाडी सर्व्हिसिंगला दिली. जॉबकार्डावर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, इंजिन डीकार्बनायझिंग (आतली काजळी काढणे), इंजेक्टर क्लीनिंग (इंधन फवारणाऱ्या नळ्यांची सफाई), एसीचे निर्जंतुकीकरण यांवर टिकमार्क मारून तयार! डॅशबोर्डच्या खणातले गाडीचे पुस्तक काढले. त्यातल्या वेळापत्रकात इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. टिकमार्क मारलेल्या तिन्ही कामांचा पत्ताच नाही. ‘मग तुमची मर्जी,’ सर्व्हिस सेंटरचा सल्लागार तोंड पाडून म्हणाला. ‘बदलणे आवश्यक’ लिहिलेला एअर फिल्टर उघडायला लावला, तर नुसती धूळ. झटकून परत बसवला. आपल्या खाऱ्या हवेत गंजाची धास्ती खरी, पण तळाला लावायच्या गंजरोधक लेपाचे पैसे मोजण्याआधी गाडी लिफ्टवर चढवून तळ बघावा. मी बघितला. गंज नव्हता. बिल निम्म्यावर आले.

– एक वाचक, पर्वरी