रविवारच्या रक्तदान शिबिरासाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

रविवार, १४ जून, जागतिक रक्तदाता दिन. आपलं शिबिर सकाळी ९ ते दुपारी १, क्लबच्या सभागृहात. मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावी. त्यामुळे रक्तपेढ्यांकडचा साठा दरवर्षी घटतो. थॅलेसेमिया या जन्मजात रक्ताच्या आजाराच्या मुलांना मात्र रक्त ठरल्या वेळी लागतंच. म्हणून आग्रहाने सांगतो, घरटी एक तरी दाता आणा.

रक्त देणाऱ्यांसाठी :
- वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ किंवा जास्त.
- आधीच्या रक्तदानानंतर पुरुषांना ३ महिने, स्त्रियांना ४ महिने झालेले हवेत.
- उपाशीपोटी येऊ नका. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा; त्यांनी नको म्हटलं तर कोणीही गळ घालायची नाही.

काम करणाऱ्यांनी ८ वाजता हजर राहावं. नोंदणीला चौघे पुरतील, पण चहा-बिस्किटांच्या टेबलावर जाणती माणसं हवीत. रक्त दिल्यावर दाता लगेच उठून निघतो, चक्कर येते ती तेव्हाच. त्याला पंधरा मिनिटं गप्पांत बसवून ठेवा.

आवराआवर झाल्यावर सहकुटुंब पिठलं-भाकरी. नवीन सभासदांनी जरूर थांबावं, ओळखी तिथेच होतात.

नावं शुक्रवारपर्यंत सचिवांकडे द्या.