ताई, यंदा ओपन पडलंय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५ च्या सरपंचपदाच्या सोडतीत आमच्या गावाची चिठ्ठी ‘सर्वसाधारण महिला’ अशी निघाली. तहसील कचेरीत ती निघाली तेव्हा मी घरी मशीनवर ब्लाउज शिवत होते. तासाभरात गावातली चार मंडळी आली, ओसरीवर बसली आणि आमच्या ह्यांना म्हणाली, “भाऊ, वहिनींना उभं करू.” मी तिथेच, चार हातांवर, मशीनवर बसलेली होते.

याच मंडळींनी २०२२ मध्ये याच ओसरीवर बसून मला अर्ज मागे घ्यायला लावला होता. तेव्हा ते माझ्याशीच बोलले होते. “ताई, यंदा ओपन पडलंय. तुम्हाला पाच वर्षं मिळाली की. आता बास.”

या ‘ओपन’बद्दल, म्हणजे कुणासाठीही राखीव नसलेल्या सर्वसाधारण जागेबद्दल, मला लिहायचं आहे.

मी सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातली, टँकरची वाट बघणाऱ्या गावातली. दहावी झालेली, बचत गटाची अध्यक्ष, शिवणकाम करणारी. २०१२ मध्ये महिला राखीव वॉर्डातून ग्रामपंचायत सदस्य झाले आणि २०१७ मध्ये सरपंचाची थेट निवडणूक आली तेव्हा गावाने मला सरपंच केलं. तेव्हाही पद महिलेला राखीव होतं, म्हणूनच मला विचारलं गेलं, हे मला पक्कं माहीत आहे.

सदस्य असताना पहिली दोन वर्षं मी फक्त सह्या केल्या. सभेचं प्रोसिडिंग घरी यायचं, शिपाई बोट ठेवून दाखवायचा, मी सही करायची. सभेत काय ठरलं ते मला त्या रजिस्टरमधून कळायचं. सरपंच झाल्यावर चेकवर ग्रामसेवकाबरोबर माझी सही लागू लागली आणि पुढे पैसे ऑनलाइन जायला लागले तेव्हा माझ्या डिजिटल सहीचा डोंगल आला. आला म्हणजे गावात आला. माझ्या हातात तो तीन महिने पडलाच नाही. कुणाच्या तरी खिशात माझी सही फिरत होती आणि माझ्या नावाने बिलं निघत होती. शेवटी मासिक सभेत उभी राहून म्हटलं, डोंगल या टेबलावर येईपर्यंत मी एकाही ठरावाला हात लावणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून घरपोच आला. देणाऱ्याने मान वर केली नाही.

त्या दिवसापासून मी खरी सरपंच झाले. नमुना नंबर आठ, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचं रजिस्टर, वाचायला शिकले. गटाराचं एस्टिमेट किती मीटरचं आहे आणि प्रत्यक्षात किती मीटर झालंय, हे मी साडी मोजायच्या टेपने मोजलं आणि फरक निघाला तेव्हा बिल अडवलं. विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर कधी आणि किती टाकली याची वही माझ्या सांगण्यावरून सुरू झाली. महिला ग्रामसभा कागदावर उरकत होती, ती मारुतीच्या पारावर भरायला लागली. पहिल्या सभेला अकरा बायका आल्या. पाचव्या सभेला पार पुरेना.

हे सगळं शिकायला मला जवळजवळ दहा वर्षं लागली. शिकताना झालेल्या चुका गावानेच सोसल्या. आणि मी कामाची झाले तेव्हाच ‘ओपन’ पडलं.

२०२२ मध्ये मी अर्ज भरला होता. मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत गाडीत बसवून मला नेलं आणि सही घेतली. जबरदस्ती कुणी केली नाही, हेही सांगायला हवं. सासऱ्यांना मध्यरात्री नाशिकला दवाखान्यात न्यायची वेळ आली होती तेव्हा त्यातल्याच एकाने गाडी काढली होती. त्याचा शब्द मोडवला नाही. बायकांचे अर्ज असेच मागे जातात. धमकीने थोडे जात असतील, भिडेने फार जातात. त्या सहीचा मला आजही पस्तावा होतो.

सर्वसाधारण जागा पुरुषांसाठी राखीव आहे, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. आपल्या राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांना पन्नास टक्के आरक्षण आहे. ते निम्मं म्हणजे कमीत कमी. त्याच्या वर किती बायका निवडून याव्यात याला कसलीच मर्यादा नाही. पण गावोगाव अलिखित वाटणी ठरून गेली आहे: राखीव ते बायकांचं, उरलेलं सगळं पुरुषांचं. त्यातच राखीव जागा दर निवडणुकीला फिरते. त्यामुळे राखीव वॉर्डातून निवडून आलेली बाई पाच वर्षांनी घरी बसते आणि दुसऱ्या वॉर्डात दुसरी बाई पुन्हा कोऱ्या रजिस्टरवर सही करण्यापासून सुरुवात करते.

आरक्षण नसताना बायका कधी निवडून आल्या नाहीत, असं म्हणणाऱ्यांना मी आईचं उदाहरण देते. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. आई शेजारणींबरोबर ट्रॉलीत बसून गेली होती, फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी बांधून. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. परत आल्यावर ती चुलीपुढे बसून वडिलांना म्हणाली, पंचायतीत आता बायांनी जायचं ठरलंय. वडील काही बोलले नाहीत. आई स्वतः कधी उभी राहिली नाही, पण ते वाक्य माझ्या कानात राहिलं. तीन वर्षांनी जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला बायकांचं अख्खं पॅनेल निवडून आलं. बारामती तालुक्यातल्या निंबूतला तर १९६३ मध्येच सगळ्या बायकांची ग्रामपंचायत झाली होती. तीस टक्के जागा राखून ठेवण्याचा राज्याचा निर्णय आला तो १९९० चा, म्हणजे या दोन्ही गावांच्या नंतरचा.

आता वर बघा. पस्तीस वर्षांत या राज्यातल्या हजारो बायकांनी पंचायती चालवल्या, पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदा चालवल्या. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत ४,१३६ उमेदवारांत बायका होत्या ३६३. निवडून आल्या २१, आणि सभागृह २८८ जणांचं. त्या एकवीस जणींतही घरात आधीपासून आमदारकी-खासदारकी असलेल्या बऱ्याच. कारण विचारलं की पक्षांचे लोक ‘इलेक्टिव्ह मेरिट’, म्हणजे निवडून यायची ताकद, म्हणतात. मग दोन-दोन वेळा सरपंच झालेल्या, जिल्हा परिषदेचा गट सांभाळलेल्या बाईकडे ते नसतं का? सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागांचा कायदा केला, तेव्हा आमच्या बचत गटाने पेढे वाटले होते. पण जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावरच तो लागू होईल, असं त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. तिकीट देण्यासाठी मात्र कुठल्याच पक्षाला कायद्याची वाट बघावी लागत नाही.

उभं राहायला निघालेल्या बाईला कागदही अडवतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर ग्रामपंचायतीला उभं राहता येत नाही. आमच्या गटातली सगळ्यात हुशार बाई, हिशेबाला पक्की, या नियमात अडकली. दोन मुलींनंतर तिसऱ्या खेपेला हवंय की नको, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. अर्ज मात्र तिचा बाद. निवडून आल्यावर अपात्रतेच्या तक्रारी मागे लागतात त्या वेगळ्याच. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचबाईंना सरकारी जागेवरच्या घरात राहतात म्हणून अपात्र केलं, त्यांना थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. २०२४ मध्ये न्यायालयाने ती अपात्रता रद्द केली आणि गावकऱ्यांना बाई सरपंच झालेली सहन झाली नाही, अशा अर्थाचं मत नोंदवलं. ती बातमी मी कापून ठेवली आहे. पण किती जणींना दिल्लीपर्यंत जाणं परवडतं?

म्हणून माझं मागणं आधी माझ्यासारख्या माजी सदस्य, माजी सरपंच बायकांकडे आहे. तुमचा वॉर्ड सर्वसाधारण निघाला तर अर्ज भरा, आणि तीन वाजेपर्यंत कुणाच्याही गाडीत बसू नका. दुसरं मागणं पक्षांच्या तालुक्याच्या पुढाऱ्यांकडे. सभेला पुढच्या रांगा भरायला, हळदीकुंकवाला आणि घरोघर स्लिपा वाटायला तुम्हाला महिला आघाडी लागते. त्यातल्या एकीला तरी तुम्ही कधी स्वतःहून, राखीव नसलेल्या जागेसाठी, “तुम्ही उभ्या राहता का?” असं विचारलं आहे का? बायका पुढे येत नाहीत असं म्हणतात. मला ५२ वर्षांत हा प्रश्न फक्त चिठ्ठीने विचारला.

ओसरीवर आलेल्या त्या चौघांना मी चहा दिला आणि माझं म्हणणं सांगितलं. सरपंचपदाला मी उभी राहीन, चिठ्ठी ओपन निघाली असती तरी यंदा राहिलेच असते. पण पॅनेलमध्ये सर्वसाधारण वॉर्डांतून निदान दोन बायका पाहिजेत, आणि माझा डोंगल पहिल्या दिवसापासून माझ्याकडे राहील. विचार करून सांगतो म्हणाले. अजून आलेले नाहीत.

इकडे बचत गटातल्या दोघींनी अर्जाला लागणारे कागद जमवायला सुरुवात केली आहे. एकीने घरपट्टीची बाकी शिलाईच्या पैशातून भरली आणि पावती मला दाखवायला आणली. दुसरीचं शौचालय नवऱ्याच्या नावावर आहे, त्याचा दाखला कसा काढायचा हे विचारायला आम्ही दोघी सोमवारी पंचायतीत जाणार आहोत.

आपली,
एक माजी सरपंच, ता. सिन्नर, जि. नाशिक
(नाव व पत्ता संपादकांकडे)