टाचेवरच्या काळ्या डागाबद्दल

पुणे, रविवार

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी बाबांच्या टाचेचा विषय काढला, तेव्हा "काही नाही होत, भोवरी आहे ते" एवढे बोलून त्यांनी फोन आईच्या हाती दिला. फोनवर बोललेले असेच हवेत विरून जाते, म्हणून आज पत्र लिहायला बसले आहे. दोघांनी मिळून, दुपारी चहा झाल्यावर ओसरीवर बसून ते वाचावे आणि अर्धवट ठेवू नये, एवढी विनंती आहे.

बाबा, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही बैलांचे खांदे शेकत होतात आणि मी कंदील धरून उभी होते. हळद आणि तूप लावलेला तुमचा हात बैलाच्या खांद्यावरून फिरता फिरता एका जागी थांबला, केसांखाली तुरीएवढी गाठ अंगठ्याला लागली आणि तुम्ही लगेच सांगितलेत की याला आठ दिवस जू लावायचे नाही. मला त्या अंधुक उजेडात तिथे काहीच दिसत नव्हते. त्यानंतर तुम्ही पाय धुवायला ओट्यावर बसलात, मी पाणी ओतत होते, आणि उजव्या टाचेच्या आतल्या कडेला, भेगांच्या जरा वर, तो डाग मला दिसला. एका बाजूला तो डांबरासारखा काळा होता, दुसऱ्या बाजूला कोऱ्या चहासारखा तपकिरी, आणि त्याची कड टीपकागदावर शाई फुटावी तशी वेडीवाकडी पसरलेली होती. सुपातला तुरीचा एक दाणा मी त्याच्या शेजारी ठेवून पाहिला, तर डाग दाण्याच्या दीडपट भरला. तुमच्या म्हणण्याप्रमाणे ती दोन वर्षांपूर्वी वावरात धसकट घुसल्याची खूण आहे. आई मात्र म्हणाली की मागच्या दिवाळीला तुमच्या पायांना तेल लावताना तिथे काही नव्हते. या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही, आणि त्यामुळेच मला नीट झोप लागलेली नाही.

हा कर्करोगच आहे असे मी म्हणत नाही. अंगावरच्या शंभर काळ्या डागांतले बहुतेक सगळे निरुपद्रवी असतात. साधा तीळ एकरंगी असतो, त्याची कड गुळगुळीत असते, मधोमध रेघ मारली तर त्याच्या दोन्ही बाजू साधारण सारख्या दिसतात आणि वर्षानुवर्षे तो होता तेवढाच राहतो. आईच्या मानेवर आणि कानशिलाजवळ ज्या काळपट, मेणाचा थेंब चिकटवल्यासारख्या खरबरीत पुळ्या आहेत, त्यादेखील वयाबरोबर येणाऱ्या असतात, त्यांची काळजी नको. काळजी करायची ती ज्याच्या दोन बाजू जुळत नाहीत, कड फाटलेली आहे, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत, व्यास 6 मिलिमीटरच्या, म्हणजे अंदाजे तुरीच्या दाण्याच्या पुढे गेला आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जो बदलतो आहे, अशा डागाची. वाढणे, रंग गडद होणे, वर उचलला जाणे, खाज सुटणे, कधी पाणी किंवा रक्त येणे, यातले काहीही बदलच समजावे. कळपात दुसऱ्याचे ढोर शिरले की गुराख्याला ते मोजणी न करता ओळखू येते. अंगावरच्या बाकीच्या तिळांमध्ये वेगळा पडणारा तीळही तसाच ओळखायचा असतो.

तुम्ही म्हणाल की आपण उन्हात रापलेली सावळी माणसे, हे गोऱ्या लोकांचे रोग आपल्याला कुठून होणार. तिळासारखा दिसणारा जो कर्करोग असतो, त्याला मेलानोमा म्हणतात आणि आपल्याकडे तो खरोखरच दुर्मीळ आहे. परंतु आपल्यासारख्या वर्णाच्या माणसांना जेव्हा होतो, तेव्हा तो बहुतेक वेळा तोंडावर किंवा पाठीवर नसून तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली असतो, म्हणजे जिथे कातडीचा रंग मुळातच फिका असतो आणि जिथे ऊन सहसा पोहोचतही नाही. बाबा, तुम्ही वेस्ट इंडीजचे सामने रेडिओवर कान लावून ऐकायचात. त्याच बेटांमधल्या जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये हाच रोग सापडला. सुरुवातीला ती फुटबॉल खेळताना झालेली दुखापत वाटली होती. अंगठा काढण्याचा सल्ला त्याने मानला नाही आणि 1981 मध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला. कातडीचा काळा रंग त्याला त्या जागी वाचवू शकला नाही.

आपल्या भागात हा डाग उशिरा कळतो याचे कारण मला आपल्याच घरात दिसते. अनवाणी वावरात जाणारा माणूस पायाला काय काय लागले ते मोजत नाही. काळे दिसले की काटा मोडला असेल, कुरूप असेल, चिखल्या असतील, नाहीतर मुका मार असेल, असे आपण ठरवून टाकतो आणि कामाला लागतो. आजी तर म्हणायची की तळपायाला तीळ असलेल्याच्या पायाला भिंगरी असते, त्यामुळे असा तीळ दिसला तर लोक खूशच होतात.

नखाचेही सांगून ठेवते. बैलबंडीचे चाक लागून तुमचा अंगठा काळा झाला होता, ते रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकत गेले आणि शेवटी कापून निघून गेले, कारण पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते. रक्त असे पुढे सरकते. रोगाचा रंग सरकत नाही. तो मुळाशी धरून राहतो, उभ्या पट्ट्यासारखा दिसतो आणि दिवसेंदिवस रुंद होत जातो. सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर फिक्या तपकिरी रेघा असतात आणि त्या बहुधा साध्याच असतात, पण एकाच नखावर नवी रेघ उमटली असेल किंवा काळपटपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला असेल, तर थांबू नये.

डॉक्टर हे नेमके कसे ओळखतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर समजेल. आपल्या तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या बारीक समांतर रेषा असतात, म्हणजे वावरात सरी आणि वरंबे असतात तशाच. त्वचारोगतज्ज्ञ एक दिवा लावलेले भिंग त्या डागावर टेकवून पाहतात. काळा रंग सरीसरीने गेलेला असेल तर तो बहुधा साधा तीळ असतो आणि वरंब्यांवर चढलेला असेल तर संशय धरतात. हे नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून मी तो डाग पाहूनही तुम्हाला काही ठाम सांगू शकले नाही आणि गावातले कोणीही सांगू शकणार नाही.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहिते आहे, ती लिहिते. बाबा, त्या डागावर बिब्बा घालू नका. चुना-सोडा लावू नका, पात्याने खरवडू नका आणि बाजारात कुरूप काढून देणाऱ्याकडे पाय देऊ नका. मी ज्या प्रयोगशाळेत काम करते तिथे मागच्या वर्षी टाचेचा एक नमुना आला होता. औषधाच्या डबीत बुडवलेला तो तुकडा मी स्वतः पारखायला घेतला, मेणात बसवला आणि त्याचे कागदाहून पातळ काप काढले. वर्षभर त्या माणसाच्या टाचेवर भोवरी म्हणून कोणी तरी काहीतरी जाळत आले होते, त्यामुळे वरचा थर करपून गेलेला होता आणि आमच्या मॅडमना सूक्ष्मदर्शकाखाली रोगाची खोली नीट मोजता येईना. या रोगात खोलीवरच बरेचसे ठरते. अलेक्झांडर ब्रेस्लो नावाच्या डॉक्टरांनी 1970 मध्ये ती मिलिमीटरमध्ये मोजण्याची रीत घालून दिली आणि आजही उपचार त्याच मापावरून ठरवतात. रोग 1 मिलिमीटरच्या आत असताना कापून काढला तर बहुतेक माणसे तेवढ्या एका शस्त्रक्रियेने बरी होतात. तोच 4 मिलिमीटरहून खोल उतरला तर जांघेतल्या गाठींमध्ये आणि तिथून पुढे पसरलेला असण्याची भीती फार वाढते. म्हणजे तीन मिलिमीटरचा हा सगळा फरक आहे. लोखंड लागले की कॅन्सर पसरतो, असे आपल्याकडे म्हणतात, आणि मोठ्या काकांनीही ते बोलून दाखवले. तपासणीसाठी डॉक्टरांनी तुकडा काढल्याने रोग पसरत नाही. तुकडा न काढता वाट पाहण्यात जे दिवस जातात, त्यांत तो पसरतो.

आई, आता तुझ्याबद्दल. तुझ्या कमरेला उजव्या बाजूला, नाडीची गाठ येते त्या जागी, काळा वळ पडला आहे आणि मधेच कातडी सोलून ओलसर होते, तू हळद दाबून वर पुन्हा तिथेच गाठ मारतेस. हे तू मला स्वयंपाकघरात सहज सांगितलेस, पण ते माझ्या मनातून गेलेले नाही. आपल्या वर्ध्याच्याच डॉक्टरांनी बिहारमधल्या डॉक्टरांसह 2024 मध्ये ब्रिटनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांची हकिकत प्रसिद्ध केली आहे. एकीला कमरेच्या वर, कुशीला दीड वर्ष न भरणारी जखम होती आणि ती परकराची नाडी घट्ट बांधत असे. दुसरी चाळीस वर्षे रोज लुगडे नेसत होती आणि तिची जखम दोन वर्षे भरली नव्हती. दोघींच्याही जखमेत कर्करोग निघाला. याहून कितीतरी आधी, 1945 मध्ये, मुंबईच्या डॉक्टरांनी धोतराच्या घट्ट बांधणीने होणाऱ्या अशाच रोगाची नोंद केली होती. हा तिळाचा रोग नव्हे, वर्षानुवर्षे घासल्या गेलेल्या, भाजलेल्या किंवा चिघळलेल्या कातडीत होणारा वेगळा कर्करोग आहे आणि तोही क्वचितच होतो. पण जू एकाच जागी घासत राहिले तर खांद्याचे काय होते हे या घरात कोणाला सांगायला नको. परकराला नाडीऐवजी रुंद पट्टी शिवून घे, गाठ सैल मार, तिची जागा रोज बदल, घरात असताना गाऊन घालायला लाजू नकोस. आणि तीन-चार आठवड्यांत जी जखम भरत नाही, मग ती कमरेवर असो, जुन्या भाजल्याच्या व्रणावर असो की ओठावर, ती डॉक्टरांना दाखवायचीच.

कुष्ठरोगाच्या पाहणीसाठी आशाताई घरी येतात तेव्हा तुम्ही दोघे विनासंकोच अंगावरचे फिके, बधिर चट्टे दाखवता, कारण आपल्या जिल्ह्याला ती सवय अनेक वर्षांची आहे. काळ्या डागांसाठी तेवढेच करायचे आहे. महिन्यातून एकदा, आंघोळ झाल्यावर, अंगणात स्वच्छ उजेडात बसून टाचा, तळवे, बोटांच्या बेचक्या आणि सगळी नखे पाहावीत. बाबांची पाठ आईने पाहावी, आईची बाबांनी. नाकाजवळ किंवा डोळ्याखाली काळी चकचकीत, हळूहळू वाढणारी गाठ दिसली तर तिला तीळ समजू नये, कारण उन्हाने होणारा एक कर्करोग आपल्या कातडीत असाच काळा दिसतो. शंका आली तर पुतण्याला सांगून शेजारी एकच ठरलेले नाणे ठेवून फोटो काढून घ्यावा, म्हणजे पुढच्या महिन्यात आठवणीवर भांडण होणार नाही.

टाचेच्या डागासाठी मात्र महिना थांबायचे नाही. गणपती विसर्जनानंतरच्या रविवारी मी घरी येते आणि सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीने आपण तिघेही सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात जाऊ. पितृपक्षात दवाखान्याची पायरी नको असे कोणी म्हणेल. आबांची टाच शेवटी काळी पडली होती आणि तिच्याकडे कोणी पाहिले नव्हते, एवढे त्यांना सांगा. तोपर्यंत सोयाबीन कापणीला येणार नाही, हे मी शेजारच्या दादांना विचारून घेतले आहे. उपाशीपोटी जायचे नाही, भाकरी खाऊन निघायचे. डॉक्टर आधी भिंगाने पाहतील, गरज वाटली तर तेवढी जागा बधिर करून तुकडा काढतील, एक-दोन टाके पडतील आणि काही दिवसांनी तपासणीचा अहवाल मिळेल. पुढे शस्त्रक्रिया करायची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड लागते, ती दोन्ही आईने आत्ताच लोखंडी पेटीतून काढून पिशवीत ठेवावीत.

दरम्यान बाबांनी चपला घातल्याशिवाय धुऱ्यावरही जाऊ नये. येत्या शनिवारी रात्री मी फोन करीन. त्याआधी टाच धुऊन, कोरडी करून आईने डागाशेजारी पुन्हा तुरीचा दाणा ठेवून पाहावा आणि काय दिसले ते मला जसेच्या तसे सांगावे.

तुमची मोठी लेक