तिथीची पाऊणपट

ठाणे,
७ जुलै २०२५

प्रिय नंदू,

काल आषाढी, त्यात रविवार, आणि आम्ही तिघं गाडी काढून गेलो कुठे, तर तुझ्या उरणला! नागपुरात बसून शिव्या घाल खुशाल.

सातला ठाणं सोडलं. यंदा पाऊस २६ मेलाच मुंबईत दाखल झाला, त्यामुळे खारघरच्या डोंगरावरून जागोजागी पांढरे ओघळ उतरत होते. पांडवकड्याच्या वाटेवर मात्र बंदी. कॉलेज बुडवून आपण त्या कुंडाशी भिजलेले वडापाव खाल्ले होते, ते लेकीला सांगितलं नाही. शंभरएक मीटरवरून पडणारं पाणी. वर डोंगरात पाऊस वाढला की खालच्याला कळायच्या आत लोंढा येतो. किती पोरं गेली तिथे! आपण वाचलो ते अकलेने नव्हे. गोल्फ कोर्सच्या बाजूने लांबूनच दाखवला, तर बाईसाहेब म्हणतात, ‘एवढासाच?’

मग गव्हाण फाट्यावरून चिरनेर. गणपतीच्या देवळात गर्दी नव्हती. खिडकीच्या गजावरची गोळीची खूण तू मला दाखवली होतीस, मी लेकीला दाखवली. तिने त्या खाचेवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘कोणाला मारत होते?’ २५ सप्टेंबर १९३०, अक्कादेवीच्या डोंगरावरचा जंगल सत्याग्रह, हुतात्मा नाग्या कातकरी, सगळं सांगितलं. लाकडं तोडली म्हणून गोळ्या, हे काही तिला पटेना. पटण्यासारखं आहे कुठे?

त्याच डोंगराच्या पायथ्याच्या ओहोळात गुडघाभर पाण्यात तासभर बसलो. नाव नसलेला, पुरुषभर उंचीचा धबधबा, पण पाठीवर घेतला की पुरेसा. वाटेत लावणी चालली होती. बांधावर दोन पोरं मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, धरत होती. एकाने लेकीला शिकवलं: मागून, पाठीवर अंगठा आणि पोटाखाली बोट, म्हणजे नांगी पोचत नाही. तिने धरला! हिने डोळे मिटून घेतले होते. माझी डावी चप्पल तिथल्या चिखलात आहे, कुणी गेलं तर आणायला सांग.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या आजीचा हिशोब आठवतो ना, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ? बोटांवर केला. अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे ओहोटी अडीचच्या पुढेमागे. अडीचला पीरवाडीच्या खडकांवर, असा बेत. पण फोनच्या नकाशाने नेलं थेट बंदराच्या कंटेनरच्या रांगेत. तासभर पुढच्या ट्रेलरचा मडगार्ड बघत रताळ्याचा कीस संपवला. पोचलो पावणेचारला. खडक उघडे होते, फार आतपर्यंत नाही. एकादशी म्हणजे भांग, अष्टमीच्या आसपासची कमजोर भरती-ओहोटी, सरून दोनतीनच दिवस. लेक शेवाळावरून जपून एका खडकाकडे निघाली आणि थांबली. ‘बाबा, मघाशी तो कोरडा होता.’ पाणी फिरलं होतं. लाट म्हणावी अशी आली नाही, फटींतून पाणी नुसतं भरत गेलं, बुडबुड करत. दहा मिनिटांत तिचा खडक गेला. आजी असत्या तर म्हणाल्या असत्या, हिशोब बरोबर, माणूस उशिरा.

शेवटी मोऱ्याला गेलो. मासेमारी बंद, होड्या वर ओढून निळ्या ताडपत्रीखाली. समोर घारापुरी पावसात अर्धी पुसलेली. तुझ्या घराचं कुलूप गंजलंय, पागोळीचं पाणी सरळ त्याच्यावर पडतं. शेजारच्या काकूंनी ओळखलं मला, ‘नंदू कवा येतो?’ म्हणून विचारलं. मी आपलं ठोकून दिलं, नारळी पौर्णिमेला.

तेव्हा तिकीट काढ. आणि पंधराची पाऊणपट तूच कर, मी या वेळी गाडी लवकर काढतो.

तुझाच,
बाळ्या