वंदे भारत कल्याणला कशी गेली?

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. २३ डिसेंबर २०२४ ला मुंबईहून मडगावला निघालेली वंदे भारत पनवेलऐवजी कल्याणला पोचली, म्हणजे ड्रायव्हर डुलक्या घेत होता का, असं तू विचारलंस. अरे, त्याच्या हातात वेग नि ब्रेक, बस्स. गाडी वळवतो तो सांधा, म्हणजे फाट्यावरचे सरकणारे रूळ, आणि सांधा फिरतो सिग्नल केबिनमधून. पनवेल आणि कल्याणचे रस्ते जिथे फुटतात त्या दिवा जंक्शनला गडबड सिग्नल-दूरसंचार यंत्रणेत झाली, असं रेल्वेने सांगितलं.

मग लोको पायलटला, म्हणजे ड्रायव्हरला, कळतं कसं? फाट्यावरच्या सिग्नलच्या डोक्यावर पाच पांढऱ्या दिव्यांची तिरकी रांग असते. ती ज्या बाजूला झुकते, तिकडचा रस्ता. पाचांपैकी निदान तीन पेटलेच पाहिजेत. सरळ मेन लाइनला ही रांग सहसा विझलेली असते. सहायकाने सिग्नल मोठ्याने पुकारायचा, पायलटने तोच परत म्हणायचा. आपल्या गाडीचा रस्ता नाही असं दिसलं, तर सिग्नलच्या अलीकडे उभं राहून वॉकीटॉकीवर स्टेशनमास्तरला विचारायचं. सिग्नल पिवळा वा हिरवा आहे म्हणून पुढे रेटायचं नाही.

चूक तिथेच पकडली तरी ती क्षणात सुधारत नाही. गाडी जवळ आली असेल तर सिग्नल लाल केल्यावरही सांधा साधारण १२० सेकंद जखडलेला राहतो, कारण गाडी थांबली नाही तर सांधा तिच्या चाकांखाली फिरेल. आणि सिग्नल ओलांडला की मनाने मागे येता येत नाही, पाठीमागे लोकल असतात. म्हणून ती कल्याणपर्यंत जाऊन परत दिव्याला आली. बरं, वंदे भारतला दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन. इंजिन काढून पुन्हा जोडण्याचा खटाटोप वाचला. तरी सुमारे दीड तास गेलाच.

पण हा प्रकार वैतागाचा, जिवावरचा नव्हे. रस्ता चुकीचा असला तरी सिग्नल आणि सांधा एकमेकांशी खरं बोलत होते, म्हणून गाडी रुळांवर राहिली. २ जून २०२३ ला ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनला नेमकं हेच तुटलं. कोरोमंडल एक्सप्रेसला सिग्नल मेन लाइनचा, सांधा मात्र लूपकडे, म्हणजे बाजूच्या लाइनकडे, आणि लूपवर मालगाडी उभी. वेग ताशी १२८ किलोमीटर. लूपच्या सांध्यावर सहसा ३० ची मर्यादा असते. २९० हून अधिक माणसं गेली. चौकशीत सिग्नलच्या वायरिंगमधल्या फेरबदलांत चूक निघाली. त्या पायलटला काय दिसणार होतं? सिग्नल हिरवा, पांढरी रांग विझलेली. सगळं जसं असायला हवं तसंच.

सांधा नीट बसला की नाही, याची परीक्षा मात्र साधी असते. टंग रेल, म्हणजे सांध्याचा सरकणारा निमुळता रूळ, आणि शेजारचा रूळ यांच्यात टोकापासून १५० मिलिमीटरवर ५ मिलिमीटर जाडीची पट्टी घालून सांधा फिरवतात. तो लॉक होता कामा नये आणि ‘बसला’ असा निरोपही केबिनला जाता कामा नये. पण वायरच चुकीच्या ठिकाणी जोडली असेल, तर ही पट्टी तिला कशी पकडणार?

तुझा,
वसंत