वैद्यकीय तपासणीपूर्वी

चि. सुहास यास,
अनेक आशीर्वाद.

राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची लेखी परीक्षा तू उत्तीर्ण झालास, आता मुलाखत मंडळाने शिफारस केली की लष्करी रुग्णालयातील वैद्यकीय तपासणी येईल. परवा तू फोनवर म्हणालास की, रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यांतील आकडे आधीच पाठ करून ठेवण्याचा सल्ला तुला कुणीतरी दिला आहे. दोन दिवस तेच डोक्यात आहे.

तसे करू नकोस. हे तक्ते जपानी लष्करातील नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केले, आणि त्यांतील काही असे आहेत की निरोगी डोळ्याला तिथे आकडा दिसतच नाही, लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यालाच तो दिसतो. म्हणजे पाठांतर करणारा नको तिथे उत्तर देऊन स्वतःच अडकतो. वैमानिकासाठी ही कसोटी फार कडक असते, कारण रात्री धावपट्टीवरचे दिवे ओळखताना घोकलेले आकडे कामी येत नाहीत. तुला शंका असेल तर आपण आधीच नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन खरे काय ते पाहू.

जे दुरुस्त होण्यासारखे आहे ते मात्र आताच उरकून घे. पाठमोरे उभे करून ६१० सेंटिमीटरवरून कुजबुजलेले शब्द प्रत्येक कानाने वेगवेगळे ऐकू यावे लागतात, आणि तुझ्या कानात मळ फार साठतो. तो काडीने कोरू नकोस (तुझी ती सवय मला ठाऊक आहे), डॉक्टरांकडून काढून घे. दातांचे किमान १४ गुण लागतात, त्यात दाढेला दोन आणि पुढच्या दाताला एक असा हिशेब असतो, तेव्हा ती किडलेली दाढ भरून घेणे टाळू नकोस.

एवढे करूनही वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवले, तर ४२ दिवसांच्या आत अपील मंडळापुढे फेरतपासणी करून घेता येते. त्या वेळी डॉक्टरांशी वाद न घालता अपात्रतेचे कारण नीट समजून घे.

पूर्वीच्या आजारांविषयी विचारतील तेव्हा सातवीत मोडलेल्या मनगटाचा उल्लेख कर. हाड नीट जुळले आहे, लपवण्यासारखे त्यात काही नाही. त्या वेळचे कागद आणि क्ष-किरण चित्र आईने कपाटातून शोधून काढले आहे, ते वेगळ्या पाकिटाने पाठवत आहे. चित्राची घडी घालू नकोस.

तुझा,
बाबा