इंजेक्शननं दुखणं दबते, आजार नाही

संपादक साहेब,

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पोरगा आता सतरा वर्षांचा. सात वर्षांचा होता तेव्हापासून दर महिन्या-दीड महिन्यानं ताप, पोट फळीसारखं कडक, पाय पोटाशी घेऊन पडलेला, अन् दोन-तीन दिवसांनी काही झालंच नाही असा उठून क्रिकेट खेळायला पळायचा. गावात म्हणायचे, शाळा चुकवायला पोट्टं नाटक करते. एकदा अपेंडिक्स समजून ऑपरेशनही झालं. बाकी वेळी डायक्लोफिनॅक या पेनकिलरचं इंजेक्शन नाहीतर मेडिकलमधून आणलेली निमसुलाइडची गोळी, तीही पेनकिलरच, 12 वर्षांखालच्या लेकरांना ती द्यायला 2011 पासून बंदी आहे हे तेव्हा कोणी बोललंच नाही.

शेवटी नागपूरला निदान झालं, फॅमिलियल मेडिटेरेनियन फीवर. अंगात आतून सूज येऊन पुन्हा पुन्हा ताप अन् पोटदुखी देणारा, भूमध्य समुद्राकाठच्या लोकांत जास्त सापडणारा आजार, आमच्या घरी कसा आला देव जाणे, आम्हा दोघांना तर कधी काही त्रास नाही पण एकेक खराब जीन दोघांकडूनही गेलं म्हणतात.

तिथल्या डॉक्टरांनी जे समजावलं ते दहा वर्षांत आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पेनकिलरनं त्या दिवसापुरतं दुखणं दबते, पुढचा अटॅक काही थांबत नाही. सूज आतल्या आत चालूच राहिली तर अ‍ॅमिलॉइड नावाचं प्रोटीन किडनीत साचत जाते. ते टाळायला कोल्चिसिन, तीच गाऊटवाली, म्हणजे सांधे सुजून दुखतात त्या आजारावरची जुनी गोळी, या आजारात 1972 पासून माहीत आहे, पण ती रोज घ्यायची, दुखो की न दुखो. अटॅकमध्ये पेनकिलर पूर्ण बंद असं नाही, डॉक्टरला विचारून घेता येते, फक्त लघवीत प्रोटीन जात असलं, म्हणजे किडनीला मार बसला असला, तर तीच किडनीवर उलटते, अन् आमच्याकडच्या मे महिन्यात तापानं अंग कोरडं पडलेलं असते तेव्हा तर जास्तच. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली ढोरं खाऊन गिधाडांच्या किडन्या गेल्या म्हणून 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद केलं, माणसाला मात्र सुई टोचून घेतल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही!

माझं म्हणणं एवढंच, जे पोरगं सारखं त्याच तापानं अन् त्याच पोटदुखीनं येते त्याची लघवी तरी एकदा तपासा, पट्टी बुडवायला दोन मिनिटं लागतात. अन् कोल्चिसिन तालुक्याला तरी मिळू द्या. परवा मेडिकलवाला म्हणे, "काका, ते कोणी घेत नाही, चार दिवसांनी या." अन् न मागता पेनकिलरची स्ट्रिप काउंटरवर ठेवली.

– एक बाप, यवतमाळ जिल्हा